ढब्बूचा गार खाऊ

धाकटी कलिंगडाच्या बिया काढायला बसली की थोरली जाऊ हटकून स्वयंपाकघरात यायची. काम काही नसायचं. ग्लासात पाणी घ्यायचं, अर्धं प्यायचं आणि जाता जाता टोमणा मारायचा, "माणसांना कधी कोणी इतक्या मायेनं फळं कापून दिली नाहीत या घरात."

धाकटी नखानं एकेक बी उकरायची, गर कुस्करायची, त्यात पिकलेलं केळं आणि बिनसाखरेचं दही कालवून बर्फाच्या ट्रेमध्ये ओतायची. तिचा कुत्रा ढब्बू आता म्हातारा झाला होता. अंगावर केसांची गादी, त्यात असला उन्हाळा. जेवणाच्या भांड्याकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. फळं गोठवून द्या, फक्त द्राक्षं नकोत, असं जनावरांच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. दुपारी फरशीवर तुकडा ठेवला की स्वारी दोन पंजांत धरून चाटत बसायची. आईवडील गेल्यावर माहेराहून तिच्याबरोबर आलेला हा एवढाच जीव. तो गेला असता तर आपलं म्हणावं असं तिचं या घरात काहीच उरलं नसतं.

आणि थोरलीच्या डोळ्यांत नेमका तोच खुपायचा. त्याचे केस, त्याचा वास, आणि आता तर फ्रीजमध्येही त्याचाच पसारा! तिच्या ओळखीच्या एका गोदामवाल्याला फाटकाशी बांधायला कुत्रा हवा होता. "माझं डोकं फिरलं ना, की एका फोनचं काम आहे," असं ती भांडी आपटत ऐकवायची.

थोरली रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत सुया टोचायची आणि घरीही तोच कारभार चालवायची. सासऱ्यांना साखरेचा आजार. सकाळी उठल्या उठल्या त्यांचं बोट टोचायचं, आकडा बघायचा आणि दिवसभर उकडलेलं पुढ्यात ठेवायचं. घर सासऱ्यांच्या नावावर, पण हुकूम थोरलीचा. ते बापुडवाणा चेहरा करून सगळं गिळायचे. तरीही हल्ली साखर उतरायचं नाव घेत नव्हती आणि थोरलीचा पारा चढत चालला होता.

अशातच ट्रेमधले तुकडे नाहीसे व्हायला लागले. धाकटीनं नवऱ्याच्या कानावर घातलं, तर तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "तुझाच काहीतरी घोळ असेल." भावजयीशी वाकडं नको आणि बायकोशीही नको, अशा माणसाकडून आणखी काय मिळणार?

मग एका दुपारी तिला फ्रीजसमोर गुलाबी थेंब दिसले. थोरली नुकतीच उन्हातून घरी आली होती. झालं, धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे तोंडानं कुत्र्याचं म्हणून नाकं मुरडायची आणि घरी आल्यावर तेच गुपचूप गट्टम करायचं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन ट्रे लावले. ढब्बूचा मटारच्या पिशवीमागे दडवला. पुढच्या ट्रेमध्ये तेच कलिंगड, तेच दही, आणि वाटून घातलेल्या हिरव्या मिरच्या. घालताना तिला हसू येत होतं. दुपारी ढब्बूला खोलीत घेऊन, दाराला कडी लावून ती कान टवकारून पडून राहिली.

किंकाळी ऐकू आली ती पुरुषाची.

धावत जाऊन बघते तर फ्रीज सताड उघडा, समोर सासरे, जीभ बाहेर, डोळ्यांतून धारा, हनुवटीवर गुलाबी ओघळ. तेवढ्यात थोरलीही बाहेरून आली. चप्पलही न काढता तिनं त्यांच्या हातातला उरलेला तुकडा हिसकावला, जिभेला लावला आणि थुंकली.

"मिरची? फळात मिरची?"

"बाबा, म्हणजे रोज तुम्ही घेत होतात?" धाकटीनं विचारलं. तिला राग नव्हता आला. उलट जरा हायसंच वाटलं होतं.

सासऱ्यांना उचकी लागली. त्यांनी थोरलीकडे बघितलं. मग बोट धाकटीकडे केलं. "हीच देते. नको म्हटलं तरी आग्रह करते. आज म्हणाली, नवीन चवीचं केलंय, घ्या."

"बाबा!"

"मला काय ठाऊक, त्यात काय घातलंय!" ते पदराआड लपणाऱ्या पोरासारखे थोरलीच्या मागे सरकले.

"मी नाही दिलं! खोटं बोलताहेत ते!"

"बरं. मग मिरची कोणासाठी घातली होतीस?" थोरलीनं अगदी शांतपणे विचारलं. "कुत्र्यासाठी?"

आता काहीही बोलली तरी ती बुडणारच होती, पण संतापात तिला ते कळलं नाही. "तुमच्यासाठी! मला वाटलं तुम्हीच चोरताय!"

"उत्तम," थोरली म्हणाली आणि तिनं फोन उचलला.

संध्याकाळी गोदामवाल्याचा टेम्पो दारात उभा राहिला. नवऱ्यानंच ढब्बूच्या गळ्यात साखळी अडकवली. "वातावरण निवळेपर्यंत राहू दे तिकडे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. तिकडे म्हणजे पत्र्याच्या छपराखाली, फाटकाला बांधून, या उन्हाळ्यात. त्याच्यासाठी बिया काढत तिथे कोण बसणार होतं?

धाकटीनं सगळा अभिमान गिळला आणि सासऱ्यांच्या खुर्चीशी खाली बसली. "बाबा, एकदाच खरं सांगा. घर तुमचं आहे. तुम्ही म्हणालात तर तो राहील. तो तिथे जगायचा नाही हो."

सासऱ्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. बाहेर ढब्बूचे पंजे फरशीवर घसरत होते. त्याला जायचं नव्हतं. टेम्पो सुरू झाला तेव्हा थोरली भाजी निवडत होती.

धाकटी ओट्याशी जाऊन उभी राहिली. रडू आवरायला तिनं उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. थोड्या वेळानं मागे चाहूल लागली. सासरे होते. त्यांनी बैठकीच्या खोलीकडे मान वळवून कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला.

"काय गं, ते... बिनतिखटाचे राहिलेत का थोडे?"

तिनं फ्रीज उघडला, मटारची पिशवी बाजूला केली, ट्रे काढला. सासऱ्यांनी हात पुढे केला. तिनं तो ट्रे सिंकमध्ये पालथा घातला आणि गरम पाण्याचा नळ सोडला. गुलाबी पाणी वाहून जाईपर्यंत ते तिथंच उभे होते, हात तसाच पुढे धरून.