सुभेदाराची बदली

"सांगतो, पण तुम्हाला पटायचं नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही," मी म्हणालो आणि हळदीकुंकवाला जमलेल्या सगळ्या बायका एकदम माझ्याकडे वळल्या.

मला तेच हवं होतं.

खरं म्हणजे हळदीकुंकवाच्या वेळी पुरुषानं घरात थांबू नये. माझा मुलगा विश्वजित शिस्तीत खाली निघून गेला होता. पण दिल्लीचा जानेवारी, बाहेर धुकं, आणि माझं वय. या वयाचा पुरुष लोक फर्निचरमध्ये धरतात. त्यामुळे मी हीटरजवळच्या खुर्चीत, मफलर गुंडाळून, तिळाच्या वडीचे तुकडे चघळत बसलो होतो. सून प्रज्ञा एकेकीला हळदकुंकू लावत होती, अत्तर लावत होती, वाण म्हणून चहाच्या गाळण्या वाटत होती. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात शालिनीताईंनी विचारलं.

शालिनीताई म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हरिदासजी, त्यांच्या मंडळी. दिल्लीच्या या द्वारका भागातल्या निम्म्या मराठी घरांच्या बातम्या त्यांच्या ओट्यावर शिजतात. त्या म्हणाल्या, "प्रज्ञा, तुमचा तो तीन पायांचा कुठेय गं? दसऱ्याच्या आधीपासून दिसला नाही. सोडून-बिडून दिलात की काय कुठे?"

प्रज्ञाच्या हातातली गुलाबदाणी तशीच राहिली.

ती काय सांगणार ते मला ठाऊक होतं. भाद्रपदात मी गावी गेलो होतो, बायकोच्या श्राद्धाला. दसरा उलटल्यावर परत आलो, तर दारात कुत्रं नाही. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, गेट उघडं राहिलं होतं. पळाला तो." मी म्हणालो, "बरं." तीन पायांचं म्हातारं कुत्रं, जिना उतरताना ज्याला उचलून घ्यावं लागतं, ते पळालं. बरं. मी पुढे काही विचारलं नाही. पण शालिनीताई 'बरं' म्हणून सोडणाऱ्या नव्हेत. या भरल्या खोलीत त्यांनी सुनेला उभं-आडवं सोललं असतं, आणि उद्यापासून प्रत्येक टॉवरमध्ये 'ती, कुत्रं टाकणारी' म्हणून तिचं नाव झालं असतं.

म्हणून मी आधी तोंड उघडलं.

"सुभेदार कुठे गेला नाही," मी म्हणालो. "त्याची बदली झाली."

"बदली मतलब?" सुनीतीनं विचारलं. ही खालच्या मजल्यावरची, गुरुग्रामच्या कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. "ट्रान्सफर?"

"ट्रान्सफर. फौजेत."

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. मी वडी चघळत राहिलो.

सुभेदार आमच्याकडे कसा आला ते या बायकांना माहीत होतं, तेवढ्यापुरतं मला खरं बोलणं भाग होतं. सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर मागे येत होता आणि हा चाकाखाली झोपला होता. मागचा डावा पाय गेला. तीन ऑटोवाल्यांनी नाही म्हटलं, चौथ्यानं रक्त सीटला लागणार नाही या अटीवर नेलं. डॉक्टरनं पाय कापला आणि विचारलं, "नाम क्या लिखूँ?" मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर स्टोअरला होतो, जवानांना ब्लँकेटं दिली आणि परत घेतली. गोळी झाडली ती फक्त चाचणीला. पण घरात वरच्या हुद्द्याचं कुणीतरी असावं असं मला फार दिवस वाटत होतं. मी म्हटलं, "लिहा, सुभेदार."

तीन पायांच्या कुत्र्याबरोबर राहणं अवघड असतं असं लोक म्हणतात. काही बाबतीत सोपं असतं. इतर कुत्र्यांना खांबापाशी पाय वर करावा लागतो. याचा एक कायमचाच वर. फरशीवर मात्र घसरायचा. मग प्रज्ञानं तिची योगाची चटई कापून स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत त्याच्यासाठी वाट करून दिली. मागच्या उरलेल्या एकाच पायावर सगळा भार, त्यामुळे थंडीत तो पाय आखडायचा. मी मोहरीचं तेल कोमट करून चोळायचो. तो डोळे मिटून बसायचा, एखाद्या निवृत्त जहागीरदारासारखा. आणि माझं सगळं बोलणं त्याला कळायचं. माझ्या नातीला, तनयाला, 'उंबरा' म्हणजे काय ते ठाऊक नाही. सुभेदाराला ठाऊक होतं. "उंबऱ्यावर बस," म्हटलं की तो बरोबर तिथंच बसायचा. बायको गेल्यावर या घरात गावाकडचं मराठी ऐकून घेणारा तो एकटाच उरला होता. बायकोचं नाव द्वारका. ती गेल्यावर मुलानं फ्लॅट घेतला तो द्वारकेत. पत्ता सांगताना अजून जीभ अडखळते. पण ते जाऊ द्या.

"फौजेत?" शालिनीताई म्हणाल्या. "रस्त्यावरचा कुत्रा फौजेत?"

"रस्त्यावर तो कामगिरीवर होता."

"काका!" सुनीती हसत सुटली.

"हसा. मी म्हटलंच होतं, पटायचं नाही. मी गावी असताना कॅन्टोन्मेंटमधून फोन आला. म्हणाले, आमचा एक जवान दिल्लीच्या स्टेशनावर पाणी प्यायला उतरला आणि गाडी सुटली. तेव्हापासून बेपत्ता आहे. कान असे, शेपूट अशी, स्वभाव वरिष्ठाचा. मी म्हटलं, साहेब, तो आमच्या बाल्कनीत ऊन खात पडलेला असेल."

"पण फौजेतली ती जर्मन असतात ना?" शालिनीताई. "हा तर आपला गल्लीतला."

"ताई, तुम्ही हुशार आहात म्हणून तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. तो गुप्तहेर खात्यातला. जर्मन कुत्रं गल्लीत फिरलं तर सगळं गाव बघतं. देशी कुत्र्याकडे कोण बघतंय? मेलं तरी कुणी बघत नाही."

हे जरा जास्तच झालं. मी घाईनं पुढे सरकलो.

"जीप आली. एक कॅप्टन उतरला. त्यानं काही विचारलं नाही, फक्त 'सावधान' म्हणाला. सुभेदार ताठ!"

"तीन पायांवर?"

"चौथा असता तर हलला असता एखाद्या वेळी. फौजेत तीनच हवेत."

बायका हसल्या. शालिनीताईसुद्धा हसल्या, पण त्यांचे डोळे प्रज्ञावरून हलले नव्हते. "आणि तू घरी होतीस तेव्हा?" त्यांनी तिला विचारलं.

"होती तर," मीच म्हणालो. "तिनंच त्याला ओवाळलं. रडली बिचारी."

प्रज्ञानं गुलाबदाणी खाली ठेवली आणि गाळण्या उगाच एकीत एक घालायला लागली.

"चला, सुटलात एकदाचे," शालिनीताई म्हणाल्या. "त्या जिन्यावरून तुमचे हाल बघवत नव्हते हो."

हेही खरंच होतं. हरिदासजींनीच मागच्या उन्हाळ्यात नोटीस लावली: कुत्र्यांना लिफ्टमध्ये मनाई. दोघा-तिघांनी तक्रार केली होती, वास येतो म्हणून. आम्ही पाचव्या मजल्यावर. सुभेदाराला तोवर जिना उतरणं जमेनासं झालं होतं. मग मी त्याला छातीशी धरून उतरायचो आणि तसाच चढायचो, सकाळ-संध्याकाळ. एप्रिलमध्ये माझ्या हृदयात स्टेंट घातला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. मी बादली कधीच उचलली नाही. शब्द पाळला. विश्वजित सकाळी गुरुग्रामला जायचा तो रात्री यायचा. प्रज्ञाचं काम घरून. मी वर पोचायचो तेव्हा ती दार उघडून उभी असायची. माझा श्वास जागेवर येईपर्यंत नुसती उभी राहायची, मग कुत्र्याला माझ्या हातातून घ्यायची. एकदा तिसऱ्या मजल्यावर मी बसलो तो उठेचना. तेव्हा ती धावत खाली आली आणि तिथंच, जिन्यावर, आम्हा दोघांच्या मध्ये बसून राहिली.

"हाल कसले?" मी शालिनीताईंना म्हणालो. "बघणाऱ्याला वाटायचं मी त्याला नेतोय. तो मला न्यायचा. नाहीतर या वयात मी खाली उतरलो असतो का?"

"आता तिथं काय करतो तो?" सुनीतीनं विचारलं. तिला गोष्ट आवडायला लागली होती.

"उस्ताद झालाय. नवी पिल्लं येतात, चार-चार पायांची, आणि त्यांना चालता येत नाही! हा त्यांना शिकवतो. एक पाय गेला तरी कसं चालायचं, ते आधीपासून. स्वतंत्र खोली आहे. हीटर आहे. रविवारी मटण."

"तुम्ही भेटायला जाता?"

"दर रविवारी. चुकत नाही. मटण मिळतं, पण त्याला भाकरीची सवय. मग मी डब्यात दोन भाकऱ्या घेऊन जातो. प्रज्ञाच थापून देते सकाळी उठून. मी गेटवर दिसलो की आतून असा नाचत येतो..." मी खुर्चीतल्या खुर्चीत सुभेदाराची चाल करून दाखवली, मान खाली, मागून एक उसळी. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. "भाकरी खातो. मग माझ्या बुटावर हनुवटी ठेवून पडतो. मी त्याला गावाकडचं सगळं सांगतो. आणि निघताना म्हणतो, उंबऱ्यावर बस. तो बसतो. मी वळेपर्यंत बसलेला असतो."

"कित्ती स्वीट यार!" सुनीती म्हणाली. "काका, उद्या संडेच आहे. आम्हाला पण न्या ना. आमचा छोटा अर्णव तर पागल हो जाएगा."

"चला की! पासचं मी बघतो."

"मीही येते," शालिनीताई म्हणाल्या. "बघू तरी तुमचा उस्ताद."

"या, या. शेव घेऊन या थोडी, त्याला आवडते. आणि परेडचं तर अजून सांगितलंच नाही मी. मागच्या महिन्यात..."

"बाबा, पुरे."

प्रज्ञा होती. मी तिच्याकडे न बघता हात हलवला. "अगं थांब, मागच्या महिन्यात मोठे साहेब आले होते, आणि सगळी कुत्री रांगेत..."

"खोटं आहे हे."

ती मला म्हणत नव्हती, बायकांना सांगत होती. शालिनीताईंकडे सरळ बघत. "त्याला कुणी फौजेत नेलं नाही. ओवाळलं-बिवाळलं नाही मी. मी फोन केला, गाझियाबादकडच्या एका शेल्टरची गाडी आली, आणि मीच त्याला गाडीत चढवला. बाबांना सांगितलं, पळाला."

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. शालिनीताईंचं तोंड उघडं राहिलं. जे त्यांना काढून घ्यायचं होतं ते असं ताटात वाढून आल्यावर त्यांना घेता येईना.

"बाबा, तुम्हाला हे माहीत होतं," प्रज्ञा माझ्याकडे वळून म्हणाली. "गेटवरच्या गार्डनं तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं. मला म्हणाला तो, अंकलजी को बता दिया. मी वाट बघत होते, तुम्ही रागवाल, ओरडाल. तुम्ही 'बरं' म्हणालात, आणि काहीच नाही."

"जाऊ दे गं," मी म्हणालो. "पाहुणे आहेत."

"कॅन्टोन्मेंट इथून अर्ध्या तासावर आहे. तुम्ही सकाळी जाता ते दिवेलागणीला येता. विश्वजितच्या ऑफिसातल्या माणसानं तुम्हाला पाहिलं, तिकडे गाझियाबादला, वैशाली मेट्रो स्टेशनच्या खाली. लोकांना थांबवून विचारत होतात, तीन पायांचा कुत्रा पाहिला का म्हणून." तिनं गाळण्यांचा ढीग बाजूला सारला. "मी दर रविवारी त्या भाकऱ्या थापते. आता मला नाही थापवत. उद्या जाऊ नका, बाबा. तो तिथं नाहीये."

"मग कुठेय?" सुनीतीनं हळूच विचारलं.

प्रज्ञानं तिच्याकडे पाहिलं नाही. "त्यानं खाणं सोडलं होतं. शेल्टरवाल्यांचा फोन आला होता मला."

वाणाच्या गाळण्या हातात धरून बायका तशाच बसल्या होत्या. मला त्यांच्यासाठी काहीतरी सुचायला हवं होतं. आजवर सुचलं नाही असं कधी झालेलं नाही.

"कधी?" मी विचारलं.

"तुम्ही गावाहून यायच्या आधीच," प्रज्ञा म्हणाली.