गाडीतून न उतरलेला

साक्षीच्या दिवशी सोलापूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात सख्ख्या भावानं, तिप्पण्णानं, मायाक्काचे पाय धरले.

"आक्का, चारच होते म्हण. भारत नव्हताच म्हण. एकुलतं पोर हाय गं माझं!"

मायाक्कानं पाय ओढून घेतले. दीड वर्षापूर्वीची ती दुपार तिच्या डोक्यात अजून पेटलेलीच होती. मंद्रूपजवळच्या माळावर नवरा बसप्पा मेंढरं राखत होता आणि ती त्याची भाकरी घेऊन निघाली होती. लांबूनच तिला पिकअप दिसली. चौघं जण मेंढरं तंगड्यांना धरून गाडीत फेकत होते. बसप्पा आडवा आला, तसा एकानं लोखंडी गज त्याच्या डोक्यात घातला. ती बोंबलत धावली. धूळ उडवत गाडी तिच्या शेजारनं निघाली, तेव्हा स्टेअरिंगवर भारत दिसला. तिचा भाचा. तिच्या चुलीपाशी जेवून मोठा झालेला.

"त्यानं मारलं न्हाय, आक्का. गाडीतनं उतरलासुदिक न्हाय."

"व्हय की. मामा मरताना दिसला, तरी उतरला न्हाय."

"मेंढरं भरून देतो. दुप्पट देतो."

"आनि माणूस? त्यो कुठल्या बाजारात मिळतो, तिप्या?"

चारच का म्हणायचं, हे तिला ठाऊक होतं. सरकारी वकीलबाईंनी सगळं समजावलं होतं. चौघांनी लुटलं तर ती जबरी चोरी. पाच झाले की दरोडा. आणि दरोडा घालताना एकानं जरी खून केला, तरी त्या खुनाची शिक्षा पाचही जणांना. पाचवा गळाला की बाकीच्यांनाही निसटायला वाट.

ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. आरोपींच्या वकिलानं विचारलं, "बाई, या मुलानं तुमच्या नवऱ्याला बोट तरी लावलं का?"

"न्हाय."

"मग?"

"बाकीच्या चौघांना मी जन्मात बघितलं नव्हतं, सायेब. आमची मेंढरं कुटं चरत्यात, त्यांना काय ठाऊक? यानं आणलं त्यांना. गाडी चालू ठेवून बसला. पाच होते. मी पाच मोजले."

"आत्ती..." भारत पुटपुटला.

"तोंड मिट!" ती ओरडली. जजसाहेबांनी तिला समज दिली.

दोन महिन्यांनी निकाल लागला. दरोड्यातल्या खुनासाठी पाचही जण दोषी. गज घालणाऱ्याला जन्मठेप, भारतला दहा वर्षं.

"आजपासून तुला माहेर न्हाय," फाटकाशी तिप्पण्णा म्हणाला.

तिनं वळूनही पाहिलं नाही. मंद्रूपच्या एसटीत बसल्यावर तिनं मनाशी मोजलं. पोरगा पस्तिशीच्या आत सुटेल, लग्न करील, पोरंबाळं होतील. तिनं पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी आवळला.

"काय झालं वं बाई?" शेजारणीनं घाबरून विचारलं.

"कमी झालं," मायाक्का म्हणाली.