कमरेवरचे हिरवे ठिपके

मोंतेविदेओच्या त्या संशोधन संस्थेच्या इमारतीत तेव्हा चांगला सूक्ष्मदर्शक एकच होता, तळघरात. त्याच्यावर पाळी मिळवणं म्हणजे ऐन लग्नसराईत कार्यालय मिळवण्यासारखं. निल्दा एचेवेरीला शुक्रवारची दुपार मिळाली होती, आणि तीही शेवटची. तिच्या मार्गदर्शक ओफेलियाबाईंनी तिला बजावलं होतं, "या खेपेला ठिपके दिसले नाहीत, तर सोमवारपासून तू यीस्टवर काम करायचंस. बिचारं कुरकुर तरी करत नाही."

निल्दाला यीस्ट नको होतं. तिला गुणसूत्राची कंबर बघायची होती. पेशी दुभंगताना जिथे दोर बांधले जातात आणि दोन्हीकडून ओढ बसते, ती जागा. तिथे बसणाऱ्या प्रथिनाला जेलीफिशचा हिरवा उजेड जोडलेला होता, आणि ते कसं बनवायचं ते डीएनएच्या एका इवल्याशा कड्यात, प्लास्मिडात, साठवलेलं होतं. कडं पेशीत गेलं की पेशीच प्रथिन बनवणार आणि कमरेकमरेवर दिवे लावणार. निदान पुस्तकात तरी तसं होतं.

इथे मात्र अख्खं केंद्रक हिरवंगार व्हायचं! निल्दा नेमकी सगळ्यांत झगझगीत पेशी शोधून काढायची, ठिपक्यांचा पत्ता नसायचा, आणि पुढच्या खेपेला ती आणखी सढळ हाताने प्लास्मिड घालायची.

"हिची कंबर कुठाय गं?" शेजारच्या टेबलावरचा हेबेर डोकावून म्हणायचा. "ही तर आमची आत्या. नुसती गोल."

"सांगते हं तुझ्या आत्याला."

"सांग ना. ती तुलाच जेवायला बसवेल. वाळलीयेस म्हणेल."

प्रयोगशाळेत खाण्यापिण्याची बंदी, म्हणून येर्बाच्या कडू चहाचा तुंबा बाहेर कॉरिडॉरमध्ये हातोहात फिरायचा, आणि त्याच्याबरोबर निल्दाची थट्टाही.

बुधवारी तिने प्लास्मिडाची नळी उलटी केली, तर तळाशी जेमतेम ओल. नवीन करायचं तर आधी जिवाणू वाढवायला हवेत, आणि तोवर शुक्रवार निघून जाणार. तोंड पाडून तिने होतं नव्हतं तेवढं पेशींवर घातलं.

"मिठाचं भांडं विसळून रश्श्यात घालतेयस होय?" हेबेर म्हणाला.

"गप रे!"

शुक्रवारी तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत तिने डिश ठेवली, डोळा लावला. काळोख. एकही झगझगीत पेशी नाही. डिश उचलून टाकायला तिचा हात पुढे झाला. पण वर कॉरिडॉरमध्ये सगळे तुंबा घेऊन बसलेले असणार, हे आठवून ती तशीच बसून राहिली. अंधाराला डोळे सरावले. मग पुन्हा एकदा डोळा लावला.

खसखस सांडावी तसे बारीक हिरवे ठिपके. दोन-दोन, जोडीजोडीने. एका पेशीत त्या जोड्या मधोमध रांगेत उभ्या होत्या, किंचित हलत, ओढल्या जात. निल्दा बघत राहिली, आणि बघता बघता सगळ्या जोड्या एकदम सुटून दोन्हीकडे निघाल्या.

प्रथिन उतू गेलं की कमरेवर मावत नाही, मग मिळेल तिथे पसरून बसतं, हे तिला तेव्हा कळलं. इतके महिने ती नेमक्या बिघडलेल्या पेशीच हौसेनं निवडत होती.

निरोप मिळताच ओफेलियाबाई खाली आल्या. मागून हेबेर. बाई बराच वेळ डोळा लावून बसल्या.

"उजेड फार मंद आहे."

"हो, बाई."

"असाच हवा." मग त्यांनी विचारलं, "प्लास्मिड मुद्दाम कमी घातलंस?"

हो म्हणावं, असं निल्दाच्या अगदी ओठांवर आलं. "नाही बाई, संपलं होतं."

बाई खुदकन हसल्या. "प्रबंधात 'योग्य प्रमाण निश्चित केले' असं लिही. आम्हीही तसंच लिहीत आलोय."

"मग यीस्टचं काम कोण करणार?" निल्दाने भीत भीत विचारलं.

बाईंनी भिंगावरचा डोळा काढला नाही. नुसतं दाराकडे, हेबेरकडे, बोट केलं.