मीटरची नाडी

त्या घरात विजेच्या बिलाची वाटणी कानानं होत असे. हसू नका. वाटणी करणाऱ्या ताई बँकेत होत्या, चांगल्या शहाण्यासुरत्या होत्या आणि दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजताना एका पैची चूक करत नसत. घर तिघींनी मिळून भाड्यानं घेतलेलं. पहिल्याच महिन्यात ताईंनी एकेक यंत्र चालवून कान देऊन ऐकलं, दहापैकी गुण दिले आणि गुणांचा कागद भिंतीवर लावला. जे जास्त ओरडतं ते जास्त वीज खातं, यात विचारायचं काय? दवाखान्यात नर्स असलेल्या सिस्टरच्या मिक्सरला तीन. शिलाई मशीनला सात. इस्त्री गप्प, म्हणून शून्य. ताईंच्या खोलीतला तेलाचा हीटर तर भिंतीला पाठ लावून उभा असे आणि कधी ब्रसुद्धा काढत नसे. त्यालाही शून्य.

मशीन जिचं होतं तिला ताई खडखडबाई म्हणत. कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिनं घरातच स्वतःचं काम सुरू केलं होतं. तिचं मशीन सुरू झालं की ताईंचं दार धाडकन बंद होई.

थंडी पडली आणि बिल दुप्पट आलं.

"पुष्कळ ऐकून घेतलं," ताई म्हणाल्या. "एक तारखेला मशीन बाहेर काढ, नाहीतर अख्खं बिल तू भर."

"ताई, दवाखान्याचे चोवीस युनिफॉर्म शिवायला घेतलेत मी. पहिलीच मोठी ऑर्डर आहे."

"ते ऐकू येतंय मला."

खडखडबाईनं हिशोब मांडला. अख्खं बिल भरलं तर शिलाईतून दोऱ्याचा खर्चही सुटणार नव्हता, आणि मशीन गेलं तर पुन्हा कारखान्याच्या दारात उभं राहायचं होतं. तिला रडू आलं, पण मांडीवर पांढरं कापड होतं म्हणून तिनं ते आवरलं.

दुसऱ्या दिवशी एक वायरमन पँटची चेन बदलून घ्यायला आला. तिनं त्याला सहज विचारलं, "हे मशीन वीज फार खातं का हो?"

"जिन्यातल्या मीटरवर लाल दिवा आहे ना, तो बघा," तो म्हणाला. "वीज जास्त लागली की तो भराभर लुकलुकतो. मशीनच्या आवाजाशी त्याला काय करायचंय?"

चेन तिनं फुकट बसवून दिली.

रविवारी सकाळी सिस्टर रात्रपाळीवरून घरी आली. तिच्या युनिफॉर्मवर उलटं टाचलेलं घड्याळ होतं, आणि रुग्णाची नाडी मोजण्यात तिचा हात कोणी धरला नसता. खडखडबाईनं तिला दारातच अडवलं.

"सिस्टर, झोपायच्या आधी आणखी एक नाडी बघशील?"

घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा. ताई आणि सिस्टर जिन्यात मीटरसमोर उभ्या राहिल्या. आत मशीन खडखडायला लागलं.

"मिनिटाला पाच," सिस्टर म्हणाली.

"हळू चालवतेय ती," ताई म्हणाल्या.

खडखडबाईनं पॅडलवर पाय पूर्ण दाबला. मशीनखालचं टेबल थरथरलं, वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकी उघडून पाहिलं. सिस्टरनं पुन्हा मोजलं. सहा.

मिक्सरचे सत्तावीस भरले. मग खडखडबाईनं स्वतःहून इस्त्री लावली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण वाटणी चोख व्हायची तर स्वतःचं झाकून कसं चालेल? इस्त्रीचे त्रेपन्न झाले. ताईंचा चेहरा उजळला.

"बघ. तुझंच निघालं."

"माझंच आहे. इस्त्रीचं मी भरणार," खडखडबाई म्हणाली. "आता तुमचा हीटर लावा."

"तो कशाला? तो बिचारा आवाजसुद्धा करत नाही."

पण लावला. घरात अगदी शांत होतं. जिन्यात मात्र लाल दिव्याला दम घ्यायला फुरसत नव्हती. सिस्टरचे ओठ भराभर हलत होते.

"एकशे सात," ती म्हणाली. "हा पेशंट असता तर मी धावत जाऊन डॉक्टरांना उठवलं असतं."

संध्याकाळी सहापासून सकाळी निघेपर्यंत तो हीटर चालू असे, आणि बंद करायची आठवण व्हावी असा आवाज तो कधी करत नसे. पण आकडा समोर आला की ताई तो नाकारत नसत, हा त्यांचा गुण. त्यांनी गुणांचा कागद भिंतीवरून काढला, त्याच्या पाठीमागे सहा, सत्तावीस, त्रेपन्न, एकशे सात असं लिहिलं, प्रत्येकापुढे तास आणि रक्कम मांडली आणि सर्वांत मोठ्या रकमेपुढे स्वतःची सही केली.

"मशीन कुठं ठेवायचंय तुला?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या खोलीत, खिडकीशी. तिथं उजेड चांगला येतो."

खडखडबाई आनंदानं लगेच टेबल ओढायला लागली, तेव्हा त्याची जड बाजू ताईंनीच उचलली. खिडकीशी मशीन टेकवल्यावर त्या जरा घुटमळल्या.

"या उरलेल्या तुकड्यांची एक जाड गोधडी होईल का गं? हीटर आता परवडायचा नाही."

"होईल की. पण शिलाई पडेल, ताई. आणि युनिफॉर्म आधी."

"बरं," ताई म्हणाल्या आणि निमूटपणे खोलीत गेल्या.

खडखडबाईनं सातवा युनिफॉर्म सुईखाली घेतला आणि पाय पूर्ण दाबला. सगळं घर खडखडलं. ताईंचं दार उघडंच राहिलं.