रेघेपर्यंत

"आजी, मान खाली घालून बसा. तोंडात येईल ती लाळ नळीत सोडायची. बस्स, दहा मिनिटं," असं सांगून डॉक्टर यशश्रींनी पडदा ओढला.

साळूबाई स्टुलावर बसून राहिल्या. हातातल्या नळीवर निळी रेघ होती आणि नळी तिथपर्यंत भरायची होती. त्यांचा मुलगा फकिरा दातांच्या या कॉलेजात एकतीस वर्षं शिपाई. वर्षभर डॉक्टरांचं म्हाताऱ्यांच्या लाळेवर संशोधन चाललं होतं आणि नळ्या गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे, तिच्यातल्या प्रथिनांमुळे घास निसरडा होऊन खाली उतरतो, वय झालं की ग्रंथी ती प्रथिनं पुरेशी बनवत नाहीत, हे डॉक्टर प्रत्येकाला न कंटाळता समजावत. ऐकून ऐकून फकिराला ते पाठ झालं होतं.

म्हणूनच त्याने आईला आणलं होतं. वडील गेल्यावर साळूबाई वणीहून त्याच्याकडे इंदिरानगरला आल्या, आणि तीन महिन्यांपासून त्यांचं ताट अर्धं परत जात होतं. जीभ टाळूला चिकटते, घास फिरतच राहतो, असं त्या सांगत. फकिराच्या बायकोला, मनीषाला, ते नखरे वाटत. कागदावर आलं म्हणजे ती ऐकेल, असा त्याचा हिशेब होता.

पंधरा मिनिटं झाली. शेजारचे एक निवृत्त मास्तर नळी भरून निघूनही गेले. फकिराने पडदा सारून पाहिलं तर साळूबाईंनी नळी पदराखाली झाकली होती. जन्मात त्या कधी चारचौघांत थुंकल्या नव्हत्या. पण तेवढंच नव्हतं.

"मला येतच नाय रे काही," त्या हळूच म्हणाल्या. "समद्यांनी दिली. माझ्याच्यानं येवढं बी व्हईना."

डोळ्यांना पाणी आलं होतं, तोंडाला नव्हतं. ते तोंड फकिराला बघवेना. लहानपणी तो जुलाबाने मरायला टेकला होता तेव्हा याच तोंडात भाकरी मऊ करून तिने त्याला महिनाभर भरवली होती. त्याने नळी घेतली, बेसिनपाशी गेला आणि स्वतःच्या लाळेने रेघेपर्यंत भरली. अपुरी नळी नेली की बोलणी बसतात, एवढंच एकतीस वर्षांच्या नोकरीने त्याला शिकवलं होतं. रिकामी नळी हाच खरा रिपोर्ट होता, हे त्या गाढवाच्या ध्यानात आलं नाही.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी त्याला हाक मारली. त्या खूश होत्या.

"मामा, कमाल आहे. आजींची प्रथिनं साठीच्या माणसासारखी आहेत. तोंडाचा काही दोष नाही. मनानं खचल्या असतील, जरा जेवायला बसवा त्यांना."

त्याच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. फकिरा "हो मॅडम" म्हणाला आणि रिपोर्टचा कागद घेऊन बाहेर आला.

मनीषा काही वाईट बाई नव्हती. पाचला उठून दोन वेळचा स्वयंपाक करून आठाला कामावर पोचायची. सासूसाठी वेगळी पेज शिजवायची ती तिने बंद केली, आता गरज काय म्हणाली. रिपोर्टवर सगळ्यांत जास्त विश्वास साळूबाईंचाच बसला. शेजारणीला त्यांनी तो दोनदा दाखवला. दिवाळीपर्यंत त्यांच्या अंगावरची चोळी खांद्यावरून घसरू लागली.

रविवारी दुपारी तिघं जेवायला बसली. बाजरीची भाकरी आणि मेथीची कोरडी भाजी होती. साळूबाईंनी पहिला घास घेतला तो पाच मिनिटं तोंडातच होता. गळ्याची शीर वर यायची आणि तशीच खाली जायची.

"आई, दुधात कुस्करून देऊ?" फकिराने विचारलं.

त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर घास कसाबसा ढकलला आणि हाताने नको म्हणाल्या.

"मशीन काय खोटं बोलतंय व्हय? माझं तोंड चांगलं हाय. मीच आळशी झाले."

मनीषाने मान हलवली आणि त्यांना आणखी चतकोर वाढली. साळूबाईंनी ती मुकाट्याने मोडली. आता सांगावं म्हणून फकिराने ताटावरचा हात थांबवला. त्याच्या तोंडात लाळ भरून आली होती. ती त्याने गिळली आणि पुढचा घास घेतला.