काकवीचं रक्त

माझ्या नवऱ्याने आजवर एकशे बारा माणसं मारली. आकडा पक्का आहे, कारण त्या प्रत्येकाचं रक्त माझ्या गॅसवर शिजलं.

विजयसिंह म्हणजे आमचे हे. कोल्हापुरात भुताखेतांचे आणि मारामारीचे सिनेमे काढणारे एकमेव दिग्दर्शक, असं ते स्वतःच सांगतात. दुसरं कोणी काढतच नाही म्हटल्यावर एकमेव असणारच. ‘उसातली हडळ’, ‘मुंडकं मागतंय’, ‘सव्वा खून’ असे एकूण चौदा. पहिल्या दहा मिनिटांत एखाद्याचा गळा चिरला गेला नाही, तर यांना सिनेमा सुरू झाल्यासारखाच वाटत नाही. कुऱ्हाडी, कोयते, विळे, एकदा तर कडबा कापायचं यंत्र. माणूस मारायची एकही रीत यांनी सोडली नाही.

रक्त म्हणजे काकवी. गुऱ्हाळावरून पातळ काकवी आणायची, त्यात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी घालून एक उकळी द्यायची, गार झाली की लहान पिशव्यांत भरून दोऱ्याने तोंड बांधायचं. पिशवी फुटली की झालं रक्त. दिसायला झकास, पण गोड. त्यामुळे आमच्या मढ्यांना पाच मिनिटांत मुंगळे लागायचे.

लोकांना हे गुपित कधीच कळलं होतं. जत्रेतला तंबू असो की गावचं थेटर, पडद्यावर कोणाचा गळा चिरला की पुढच्या रांगेतून आरोळी यायची, “काकवी!” आणि सगळं थेटर हसायला लागायचं. हडळ निघाली तरी हसायचे, मुंडकं उडालं तरी हसायचे. हे मागे भिंतीला टेकून ऐकत उभे राहायचे आणि घरी आल्यावर ताटावर बसायचे नाहीत.

“एकदा,” म्हणायचे, “एकदा तरी थेटर गप्प झालं पायजे, संयोगिता. एकदा तरी भ्याली पायजेत ही माणसं.”

मला तेव्हा यांची कीव यायची. आज ती कीव आठवली की स्वतःचाच राग येतो.

त्या एकशे बारांत चौदा वेळा एकच माणूस मेला, माझा धाकटा भाऊ आकाराम. शिवाजी पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ शिकलेला. तलवार, पट्टा, विटा म्हणजे दोरी लावलेला भाला, सगळ्यात तयार. सकाळ-संध्याकाळ सहा म्हशी पिळायच्या आणि मधल्या वेळात दाजींच्या सिनेमात मरायचं, हा त्याचा धंदा. मरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नाकात मुंगळा शिरला तरी पापणी हलवायचा नाही. शॉट संपला की उठून मुंगळे झटकत म्हणायचा, “अक्का, आज गोड जरा जास्त झालतं बघ.”

त्याचा एक शॉट प्रत्येक सिनेमात ठरलेला. हिरो तलवार घालतो, खलनायक ती पात उघड्या मुठीत धरतो आणि हसतो. हिरो तलवार खसकन मागे ओढतो. मुठीत दडवलेली पिशवी फुटते आणि कोपरापर्यंत रक्त ओघळतं. हे जमायचं, कारण आमच्या तिन्ही तलवारींची धार कानसीने घासून मारलेली होती. त्यांनी भाकरीसुद्धा कापली नसती. तालमीतच एका कोपऱ्यात त्या ठेवलेल्या असायच्या. तरीही प्रत्येक शॉटआधी आकाराम पातीवरून अंगठा फिरवून बघायचा. चौदा सिनेमांत एकदाही चुकला नाही.

पंधराव्या सिनेमाचा हिरो होता कागलचा राजवीर. वडिलांचा ऊस, वडिलांची गाडी आणि वडिलांनीच हौसेने काढून दिलेला सिनेमा. पोरगं तसं वाईट नव्हतं, पण तलवार खराट्यासारखी धरायचं. शेवटची मारामारी त्यांच्याच उसात दसऱ्याच्या दिवशी घ्यायची ठरली. शुभ दिवस हो! माणूस मारायलाही यांना मुहूर्त लागतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तालमीत हत्यारांची पूजा होते. तालमीचे बाळासो वस्ताद ऐंशीच्या घरातले. पूजेआधी हत्यारं पुसताना त्यांच्या हाती आमच्या तीन बोथट तलवारी लागल्या. म्हाताऱ्याचा जीव कळवळला. बिनधारेचं हत्यार देवीपुढं ठेवायचं म्हणजे तालमीची अब्रू गेली की! अख्खा दिवस निसण्याच्या दगडाशी बसून त्यांनी तिन्ही तलवारींना धार लावली. वर हळदकुंकू वाहिलं, मुठीला झेंडूचं फूल बांधलं. कोणाला काही सांगितलं नाही. यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उसाच्या फडात तलवारी आल्या. आकारामने एक उचलली, अंगठा पातीजवळ नेला आणि थांबला. पातीवर कालचं कुंकू तसंच होतं.

“बघ की रं,” मी म्हटलं.

“पूजलेलं हत्यार हाय, अक्का. त्याची परीक्षा घेत्यात व्हय?” असं म्हणून त्याने तलवार कपाळाला लावली आणि राजवीरच्या हातात दिली.

मलाही ते बरोबरच वाटलं.

पहिला शॉट होता उसात तलवार फिरवण्याचा. राजवीरने हात टाकला आणि चार ऊस एका घावात आडवे झाले, एकाच रेषेत. बोथट तलवारीने ऊस मोडतो, चिंबतो, असा कापला जात नाही. हे मला कळायला हवं होतं. मी बघितलं आणि मनात म्हटलं, वा, पोरानं आज मन लावलं. यांनी मॉनिटरवर बघितलं. कानाला हेडफोन लावून हे खुर्चीत बसले होते, ते ताठ झाले.

“झकास!” म्हणाले. “आता मुठीचा शॉट. आधी नुसती तालीम करा.”

तालीम म्हणून मी पिशवी दिली नाही. शिवाय सकाळची एक गळत होती, म्हणून मी दुसरीला दोरा बांधत होते. पण आमच्या यांची एक खोड आहे. तालीम म्हणतात आणि गुपचूप कॅमेरा चालू करायला लावतात. माणसं न घाबरता करतात म्हणे.

राजवीर ओरडत आला. आकारामने पात मुठीत धरली आणि नेहमीसारखा हसला. राजवीरने अंगातलं सगळं बळ लावून तलवार मागे ओढली.

आवाज काहीच झाला नाही. आकारामच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं खाली पाचटात पडली. उरलेली दोन कातड्याला लोंबत राहिली. मग रक्त आलं. काकवी ओघळते, सावकाश उतरते. हे उडालं. राजवीरच्या तोंडावर, डोळ्यांत, उसाच्या पानांवर. राजवीर घाबरून तलवार तशीच हवेत फिरवत मागे सरकला आणि तिचं टोक आकारामच्या दंडाला चाटून गेलं. तिथलं मांस फाकलं, आत पांढरं दिसलं. आकाराम गुडघ्यावर बसला आणि ओरडला, “अक्का!”

हे त्याच्या संवादात नव्हतं.

सगळं युनिट टाळ्या वाजवत होतं. कॅमेरामन धवलचा चेहरा मात्र पडला. त्याने यांच्याकडे बघितलं. यांनी हात वर केला, म्हणजे चालू ठेव.

“पिशवी माझ्याकडं हाय!” मी किंचाळले. “अहो, पिशवी माझ्या हातात हाय!”

यांचा हात वरच होता. अकरा सेकंद. नंतर मी त्या फितीवर मोजले. अकरा सेकंद माझा भाऊ तुटल्या हाताने पाचटात बोटं शोधत होता, आणि मग हे म्हणाले, “कट.”

एक बोट मला सापडलं. पदरात गुंडाळून मी गाडीत बसले. दुसऱ्याला उसाच्या रसाने मुंगळे लागले होते, ते तिथेच राहिलं. दवाखान्यात डॉक्टरांनी उरलेली दोनही काढली. पदरातलं बोट बघून त्यांनी नुसती मान हलवली. उजव्या हाताला फक्त अंगठा राहिला.

संध्याकाळी घरोघर सोनं म्हणून आपट्याची पानं वाटली जात होती आणि मी दवाखान्याच्या नळावर हातावरचं रक्त धूत होते. हे मागे येऊन उभे राहिले.

मी एकच विचारलं. “तुमास्नी दिसलं हुतं का न्हाय?”

“आंबाबाईची शपथ, संयोगिता. कानाला हेडफोन हुता. मला वाटलं, पिशवी फुटली.”

मला त्या एका उत्तरावर पुढचं सगळं आयुष्य काढायचं होतं. माणूस चुकतो. वस्ताद चुकले, आकाराम चुकला, चिरलेला ऊस बघून मी गप्प बसले म्हणजे मीही चुकले. त्यात यांची आणखी एक चूक, असं धरून मी यांच्या ताटात वाढू शकत होते. पण बघून हात वर ठेवला असेल, तर ती चूक नव्हती. म्हणून मी शपथेवर विश्वास ठेवला. पोलिसांना अपघात म्हणून सांगितलं.

आकारामने तर तो विश्वास माझ्या आधीच ठेवला होता. सहाही म्हशी विकल्या. अंगठ्याने म्हैस पिळता येत नाही आणि तलवारही धरता येत नाही. तरी सिनेमातून तो शॉट काढा म्हणून मी भांडायला लागले, तर तोच म्हणाला, “ऱ्हाऊ दे, अक्का. दाजी खोटं बोलायचे न्हाईत. बोटं गेली ती गेली, शॉट तरी ऱ्हाऊ दे.”

बाळासो वस्तादांनी मात्र त्या दिवसापासून तालमीत पाऊल टाकलं नाही. निसणा त्यांनी रंकाळ्यात टाकला म्हणतात. आकारामच्या दारात येऊन ते म्हातारं माणूस लेकरासारखं रडून गेलं. हे एकदाही रडले नाहीत. पुरुष माणूस, मनात ठेवत असतील, असं मीच मला समजावलं.

दहा महिन्यांनी सिनेमा लागला. कागलच्या थेटरात दुपारचा खेळ, राजवीरची सगळी भावकी आलेली, शिट्ट्या, हलगी. आम्ही तिघं शेवटच्या रांगेत. मी मध्ये, डावीकडे हे, उजवीकडे आकाराम. उजवा हात त्याने टॉवेलखाली ठेवला होता.

शेवटची मारामारी आली. पडद्यावर आकारामने पात धरली, हसला, राजवीरने ओढली. बोटं पडली. रक्त उडालं. आकारामने तोंड उघडलं आणि भलत्याच माणसाच्या आवाजात “आई गं” ऐकू आलं. त्याने मला मारलेली हाक यांनी पुसून टाकली होती.

थेटर गप्प झालं. खरंच गप्प. यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. अंधारात यांचे दात दिसत होते. हे हसत होते.

आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “काकवी!”

थेटर फुटलं. लोक मांड्यांवर थापा मारत होते. “मुंगळं बोलवा की!” कोणीतरी म्हणालं. “बोटं मेणाची हायत रं!” पडद्यावर माझा भाऊ पाचटात बोटं शोधत होता आणि हजारभर माणसं पोट धरून हसत होती.

हे उठले. आधी मला वाटलं, बाहेर जातायत. हे खुर्चीवर चढले.

“हसू नगासा!” आवाज फाटला होता. “खरं हाय त्ये! खरं रगात हाय! खरी बोटं हायत! मी हुतो की तिथं! मला तवाच दिसलं, म्हणून कट म्हटलं न्हाय! अकरा सेकंद! हाय का कुणाची छाती अकरा सेकंद दम धरायची?”

लोकांनी मागे वळून बघितलं, आणि हा जाहिरातीचाच भाग समजून टाळ्या पिटल्या. मी आकारामकडे बघितलं. त्याने टॉवेल मांडीवरून काढला, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला. मग माझ्यापुढून सरकत गेला, यांना सदऱ्याला धरून खाली ओढलं आणि डाव्या मुठीने तोंडावर एकच ठोसा दिला. अख्खं अंग त्यात घातलं होतं. नाकाचं हाड मोडल्याचं मला त्या गोंधळातही ऐकू आलं. हे दोन खुर्च्यांच्या मध्ये आदळले. आकारामने दुसऱ्यांदा हात उचलला, खाली बघितलं आणि तो तसाच सोडून दिला.

हे खुर्चीला धरून उठले. नाकातून रक्त धो धो वाहत होतं, ओठावरून, हनुवटीवरून, नव्या पांढऱ्या सदऱ्यावर. खेळ थांबला, दिवे लागले. सगळं थेटर यांच्याकडे बघत होतं.

“काकवी!” एक पोरगं ओरडलं.

पुन्हा तेच हसू, आधीपेक्षा मोठं. यांनी नाकाला हात लावला, लाल बोटं लोकांना दाखवली, पण कोणी थांबेना. मग माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“संयोगिता, तू सांग की ह्यांस्नी. तू रगात करतीस, तुझं ऐकतील. हे खरं हाय म्हणून सांग.”

मी आकारामचा डावा हात हातात घेतला.

“मला वाटलं, पिशवी फुटली,” मी म्हटलं, आणि आम्ही बहीणभाऊ बाहेर पडलो.