दोन तोंडांची पाटी

मी एक जुनी पाटी आहे आणि मित्रांनो, लाजायचं कशाला, चांगली पाटी आहे. वेल्समधल्या स्वान्सी शहरात, समुद्राकाठच्या रस्त्यावर बेव्हन नवराबायकोचं अतिथीघर आहे. त्याच्या दारात मी एकतीस वर्षं लटकते आहे. माझी एक बाजू निळी, तिच्यावर लिहिलंय 'खोली आहे'. दुसरी लाल, तिच्यावर 'खोली नाही'. दोन्हीकडे वर वेल्श, खाली इंग्रजी.

माझं लाकूड एका मोडक्या होडीतल्या बसायच्या फळीचं. एम्रिस बेव्हन यांनी ती किनाऱ्यावरून उचलून आणली आणि मागच्या गल्लीतल्या रंगाऱ्याकडे दिली. त्याने वरची वेल्श अक्षरं अशी ऐसपैस काढली, की खालचं इंग्रजी अंग चोरून बसलं.

"अरे, इंग्रजीला जागाच ठेवली नाहीस," एम्रिस म्हणाले.

"राहू दे," रंगारी म्हणाला. "इतकी वर्षं आपली वेल्शच सरकून बसलीय."

दोघे पोट धरून हसले. मग मला दारात टांगलं.

माझं काम सोपं, पण जबाबदारीचं. बसमधून उतरलेली माणसं हातात बॅगा घेऊन, डोक्यावर आडवा पाऊस झेलत येतात. त्यांना लांबूनच कळायला हवं, की इथे थांबायचं की पुढे जायचं. एक म्हातारा पाहुणा म्हणाला होता, "तुमची निळी पाटी दिसली आणि तिथेच माझे पाय सुकले." दर मार्चमध्ये नेस्टाबाई, म्हणजे एम्रिस यांच्या पत्नी, मला उतरवून घासत आणि नवा रंग देत. खाऱ्या वाऱ्यासमोर उभं राहायचं तर अंगावर रंग लागतो.

मी कधी खोटं बोलले नाही. एक दुपार सोडून.

त्या दुपारबद्दल सांगण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे 'आत्ता' हा शब्द एकटा येत नाही. लोक म्हणतात, "आत्ता, थोड्या वेळात." त्याचा अर्थ पाच मिनिटं असतो, किंवा पुढचा मंगळवार. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

तो शनिवार होता. खाडीवर विमानांच्या कसरती होत्या, गावात पाय ठेवायला जागा नव्हती आणि मी सकाळपासून लाल होते. दुपारी एकला फोन आला. तीन नंबरच्या खोलीत उतरणाऱ्या जोडप्याची गाडी वाटेत बंद पडली होती, ते येणार नव्हते.

"अगं, पाटी फिरव," एम्रिस जिन्यावरून म्हणाले.

"आत्ता, थोड्या वेळात," नेस्टाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात इस्त्रीच्या चादरी होत्या.

तीन वाजता एक तरुण मुलगी फाटकापाशी आली. खांद्यावर पिशवी, हातात थंड ठेवायचा छोटा डबा. तिने मला वाचलं. बेलकडे हातसुद्धा नेला नाही. आमच्याच बुटक्या भिंतीवर ती बसली आणि तिने फोन लावला.

"नाही आई, सगळीकडे लाल पाट्या. हे पाचवं घर... घरी यायला लॅम्पेटरची बस आहे पाचला. दूध दवाखान्यात देते आणि निघते... एकटा कुठे, नर्स आहेत ना." मग ती म्हणाली, "पण आई, तो अकरा दिवसांचा आहे गं."

मित्रांनो, वर तीन नंबरची खिडकी उघडी होती, पलंगावर कोरी चादर होती. माझ्या पाठीवर खरं लिहिलेलं होतं आणि पाठ भिंतीकडे होती. स्वतःहून वळता येत नाही, हे दुःख मला त्या दिवशी कळलं.

चार वाजता नेस्टाबाई टेबलक्लॉथ झटकायला बाहेर आल्या.

"पोरी, उन्हात काय बसलीस? विमानं तिकडे, पुळणीवर दिसतात."

"विमानं नको मला. जरा बसू द्या, मग दूध देऊन बस गाठते. माझं बाळ इथे दवाखान्यात आहे. जवळ खोली बघत होते."

"मग बेल नाही का वाजवायची?"

मुलीने माझ्याकडे बोट केलं.

नेस्टाबाईंनी मला वाचलं, जणू पहिल्यांदाच बघत होत्या. वरच्या खिडकीतून एम्रिस म्हणाले, "मी एक वाजता सांगितलं होतं."

"ऐकलं होतं मी." नेस्टाबाईंचा आवाज उतरला. "म्हटलं, आत्ता, थोड्या वेळात." मग त्या मुलीकडे वळल्या. "खोली एक वाजल्यापासून रिकामी आहे, पोरी. चूक माझी. नाव काय तुझं?"

"बेथन."

"ये, बेथन. आधी दूध फ्रीजमध्ये ठेवू. बाकीचं मग."

बेथन एकोणीस दिवस राहिली. पहाटे दवाखान्यात निघताना नेस्टाबाई तिच्या खिशात तव्यावरचे गोड केक कोंबत. "दूध काही हवेतून येत नाही," म्हणत. विसाव्या दिवशी इयोलो नावाचं एक इवलंसं गाठोडं माझ्याखालून आत आलं, चहाच्या वेळेपुरतं. एम्रिस यांनी त्याला इतकं जपून धरलं, की त्यांचा चहा निवून गेला.

न्हाणीघरातला नळ आमच्याकडे अजून गळतो आहे. त्याची पाळी आत्ता, थोड्या वेळात येईल. पण त्या दिवसापासून खोली रिकामी झाली, की हातातलं काम खाली ठेवून आधी मला फिरवतात.

हल्ली लोक फोनवरच खोल्या बघतात. मला रंग लागून चार वर्षं झाली. सूनबाई म्हणतात, काढून टाका ती पाटी. पण फोनलाही माझ्यासारख्या दोन बाजू असतात आणि त्या फिरवणारं बोट कुणाचं तरी असतं. म्हणून मित्रांनो, तुमच्याजवळ जागा असेल तर ती आधी सांगा, बाकीची कामं थांबतात. आणि कधी जिवाला घोर असताना समोर लाल पाटी दिसली, तर फाटकावरून परतू नका.

हे माझं मत नाही, माझ्या अंगावरच लिहिलंय. बेथन आली त्याच संध्याकाळी नेस्टाबाईंनी ब्रश घेतला आणि लाल बाजूवर, 'खोली नाही'च्या खाली लिहिलं, 'तरी बेल वाजवा'. तिथे जागा अजिबात उरली नव्हती. त्यांनी ती केली.